भूत चालतं, बिबट्या नको

रात्री साडेअकराला, गोधडीत शिरून, मोबाइलचा ब्राइटनेस एकदम कमी करून तुम्ही काय वाचता? एमपीएससीच्या नोट्स म्हणू नका. घरी मीही तेच सांगते.

माझं आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला लाज वाटायला नको. गेले चार महिने मी भुतांच्या प्रेमकथा वाचतेय. तीनशे वर्षांचा शापित राजकुमार, जो कॉलेजच्या मुलीच्या स्वप्नात येतो. इच्छाधारी नाग, जो दिवसा कंपनीचा मालक असतो. व्हॅम्पायर, ज्याला सगळ्या गावाचं रक्त चालतं, फक्त हिचं नको, कारण हिच्यावर त्याचं प्रेम आहे. या प्रकाराला पॅरानॉर्मल रोमान्स म्हणतात. मराठीत अजून धड नाव नाही. आम्ही मैत्रिणी 'भूतलव्ह' म्हणतो, चालून जातं.

आणि त्याच वेळी टेबलावर दुसरा ढीग आहे. मास कॉमला 'वास्तव वाचा' असं बजावून दिलेली यादी. त्यात दाभोलकर आहेत, साईनाथ आहेत, शासकीय अहवाल आहेत. तर एकीकडं भूत आणि दुसरीकडं वास्तव, अशी माझी रात्रपाळी चालू आहे. पण या लेखातली चांगली मतं माझी नाहीत. ती एका मैत्रिणीची आहेत. नाव लिहायचं नाही, या अटीवर तिनं छापायला दिलीत.

आम्ही दोघी शिरूर कासारच्या. शिरूर म्हटलं की पुण्याकडची माणसं घोडनदीचं शिरूर समजतात. आमचं शिरूर बीड जिल्ह्यातलं, सिंदफणा नदीवरचं, म्हणून त्याला मागं 'कासार' जोडायचं. मी शिकायला बाहेर पडले. ती तिथंच बी.ए.ला राहिली आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेली. आईची कंबर गेल्यामुळं वडिलांबरोबरचा कोयता पूर्ण करायला दुसरं माणूस हवं होतं. गंमत म्हणजे टोळीला फड मिळाला तो त्या दुसऱ्या शिरूर तालुक्यात. एका शिरूरहून दुसऱ्या शिरूरला. ती म्हणाली, "पत्ता सांगायला सोपं झालं बघ."

भूतलव्हची सवय मला तिनंच लावली. पहाटे चारला उठून उसात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. रात्री कोपीत पडल्यावर प्रतिलिपीवर एक भाग वाचायचा. एकच, कारण पुढचा भाग कुलपात असतो. नाणी खर्च करा, नाहीतर उद्यापर्यंत थांबा. ती थांबते. पॉवर बँक किराणा दुकानात चार्जिंगला लावलेली असते, तिचे पैसे द्यावे लागतात, वर नाण्यांचे कुठून द्यायचे?

मी तिला पहिल्यांदा विचारलं तो प्रश्न तुम्हीही विचारला असता. अगं, तू रोज अंधारात उसात जातेस आणि झोपताना भुताचं वाचतेस? भीती नाही वाटत?

तिचा व्हॉइस मेसेज जसाच्या तसा लिहिते. "भूत नसतं हे मला कुणी सांगायची गरज नाही. असतं तर इतक्या वर्षांत आमच्या टोळीतल्या एखाद्याला तरी दिसलं असतं की. मला भ्या वाटतं बिबट्याचं. त्याची गोष्ट मला रात्री वाचायची नाही. भूत चालतं, बिबट्या नको."

हे मस्करीत घेऊ नका. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबटे उसातच राहतात, उसातच पिलं घालतात. तोडणी चालू असताना पाचटात पिलं सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. कोपीला दार नसतं, पडदा असतो. तर तिच्या वाचनाचा हा पहिला नियम. ज्याची खरी भीती आहे ते वाचायचं नाही, ज्याची नाही ते मजेत वाचायचं.

आता या पुस्तकांबद्दल. या सगळ्याची आधुनिक आई म्हणजे स्टेफनी मेयरची 'ट्वायलाइट', २००५ सालची. बेला नावाची कॉलेजच्याही आधीच्या वयातली मुलगी आणि एडवर्ड नावाचा व्हॅम्पायर. १९१८च्या साथीत मरता मरता तो व्हॅम्पायर झाला, तेव्हापासून सतराचाच राहिला. २०२०मध्ये मेयरबाईंनी तीच गोष्ट एडवर्डच्या बाजूनं सांगणारं 'मिडनाइट सन' काढलं. मी ते आधी वाचलं आणि मूळ पुस्तक नंतर, त्यामुळं माझा घोटाळा झाला. कारण 'मिडनाइट सन'मध्ये हा हिरो पहिल्याच भेटीत, बायॉलॉजीच्या तासाला, हिच्या रक्तासाठी सगळा वर्ग कसा मारता येईल याचा हिशेब मांडत असतो. नंतर तो रात्री तिच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना तिच्याकडं बघत बसतो. तिला पत्ता नाही. आणि हे प्रेम! मी पुस्तक बाजूला ठेवून खोलीची खिडकी लावून घेतली.

आता 'मुंज्या' आठवा. जून २०२४चा सिनेमा, आदित्य सरपोतदारचा, कोकणातला. तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी पाहिला असेल. सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, ही आपली जुनी समजूत. सिनेमातला मुंज्या जिवंतपणी वयानं मोठ्या मुन्नीच्या मागं लागतो, मेल्यावर तिच्या नातीच्या. 'लग्न करायचंय' एवढंच त्याचं म्हणणं. नातीचं नाव काय? बेला.

इकडं बेला, तिकडं बेला. दोघींच्याही मागं मेलेला मुलगा लागलाय आणि दोघीही 'ये' म्हणालेल्या नाहीत. एकाला आपण पोस्टर लावून हिरो म्हणतो, दुसऱ्याला बघून किंचाळतो. फरक काय? माझ्या मते दिसण्याचा. एडवर्ड गोरापान आहे, गाडी भारी चालवतो. मुंज्या केसाळ आहे. हट्ट दोघांचा तोच. खरं बोललाय तो आपला सिनेमा. मुलगी नको म्हणत असताना पिढ्यान्‌पिढ्या मागं लागणं ही भयकथा आहे, हे त्यानं भयकथा म्हणूनच सांगितलं.

मराठीत तशीही भुतानं लाडात येण्याची परंपरा नव्हतीच. आपली हडळ घ्या, लावसट घ्या, जखीण घ्या. जिचं काहीतरी राहून गेलं ती बाई आपल्याकडं भूत होते आणि मग सगळं गाव तिला घाबरतं. तिचं काय राहून गेलं, हे कुणी विचारत नाही. व्हॅम्पायरही मराठीत आपल्या जन्माआधीच येऊन गेलाय बरं का. नारायण धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे. तिच्यातले रक्तपिपासू कुणालाही गुलाब देत नाहीत. 'तुंबाड' पुन्हा थिएटरला लागला तेव्हा रांगा लावल्यात ना? त्याच्या मुळाशीही धारपांचीच कथा आहे. त्यांची पुस्तकं हॉस्टेलवर फिरत असतात, पानं सुटलेली, कुणाची ते माहीत नाही. मिळालं तर सोडू नका. 'रात्रीस खेळ चाले'मधल्या शेवंतानं मात्र गडबड केली. भीती दाखवायला आणलेल्या बाईच्या प्रेमात अख्खा महाराष्ट्र पडला. मला वाटतं, भूतलव्हची जमीन आपल्याकडं तिनं नांगरून दिली.

हे सगळं मी मैत्रिणीला मोठ्या थाटात ऐकवलं. हट्ट, संमती, एडवर्ड, मुंज्या. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पण मी त्याच्यासाठी वाचतच नाही."

मग कशासाठी?

"तो थांबतो म्हणून. तीनशे वर्षं थांबतो. आणि ती बोलली की ऐकतो. मेलेला असल्यामुळं त्याला कामाला जायचं नसतं, त्याच्याकडं वेळ असतो. आमच्यात कुणाकडं आहे वेळ?"

इथं मला तिची परिस्थिती सांगावी लागेल. तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी जी उचल देतो ती कोयत्यावर देतो. त्यामुळं घरात लग्न झालं की नुसती सून येत नाही, अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. आमच्या जिल्ह्यात पोरींची लग्नं लवकर का होतात, याची बरीच कारणं सांगतात, त्यातलं हे एक फार साधं, हिशेबाचं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० जणींमागं ४०हून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. माझी मैत्रीण विशीची आहे. म्हणजे तिच्याकडचे म्हणतात तसं, 'उशीरच झालाय'. एक स्थळ आलंय. मुलगा त्याच टोळीतल्या नात्यातला, वाईट नाही, असं तीच म्हणते. पट्टा पडायच्या आत हो की नाही सांगायचंय. पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. हे त्यांचं कॅलेंडर.

तिनं बी.ए. पूर्ण करून मग बघू, असं म्हणून पाहिलं. एक वर्षच मागतेय. तिच्या गोष्टीतला राजकुमार तीनशे वर्षं थांबतो आणि हिला एक वर्ष मिळेना. त्या टुकार, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेल्या गोष्टींना मी हसत होते. त्यानंतर माझं हसू जरा कमी झालंय.

जरा. कारण टुकार ते टुकार. दीडशे भागांत मावणारी गोष्ट साडेतीनशे भाग ताणतात. दर तिसऱ्या भागात हिरो मनगट धरून भिंतीशी नेतो आणि लेखिका त्याला 'त्याचा हक्क' म्हणते. नायिकेला नोकरी असते पण ऑफिसात काम कधी नसतं. आणि इच्छाधारी नागांनी तर वीट आणलाय. शिरूर तालुक्यातच तागडगावला 'सर्पराज्ञी' हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे, जखमी साप-पक्षी-प्राणी तिथं बरे करून परत सोडतात. आम्हा दोघींना त्या केंद्राची माहिती शाळेपासून आहे, त्यामुळं साप दूध पीत नाही, बदला घेत नाही, मणी बाळगत नाही, हे पक्कं झालंय. नागमण्याचा भाग आला की ती पुढं सरकवते. एकदा म्हणाली, "असल्या नागाला तागडगावला न्या, तिथं नीट करतील."

आता दुसरा ढीग. वास्तव.

आपल्याकडं कॉलेजात नॉनफिक्शन म्हटलं की दोनच प्रकार चालतात. एक, अधिकारी कसा झालो. विश्वास नांगरे पाटलांचं 'मन में है विश्वास', राजेश पाटलांचं 'ताई, मी कलेक्टर व्हयनू!' ही पुस्तकं मी वाचलीत, आवडलीत, आणि गावातल्या एकेका प्रतीला वीस वीस हात लागलेले पाहिलेत. दुसरा प्रकार, सवयी बदला, आयुष्य बदला. 'इकिगाई', 'ॲटॉमिक हॅबिट्स' वगैरे. यातलं एक मी मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवायचा प्रयत्न केला. पहाटे लवकर उठण्याचे फायदे हे प्रकरण निघालं. ती इतकी हसली की कोपीतलं लहान पोर उठलं. ते पुस्तक तिथंच बंद केलं.

मग दाभोलकर काढले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला तेव्हा आपण शाळकरी पोरं होतो. त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यांचं नाव आपण दिनविशेषात ऐकलेलं असतं, पुस्तक फार कमी जणांनी उघडलेलं असतं. मी 'तिमिरातुनी तेजाकडे' घेतलं आणि रोज सहा-सात मिनिटं वाचून व्हॉइस मेसेज पाठवायला लागले. ती ते ट्रॅक्टरमध्ये ऐकायची. चमत्कार सिद्ध करून दाखवा आणि २१ लाख रुपये घ्या, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं आव्हान तिला भयंकर आवडलं. "आपल्या राजकुमाराला सांग की. तीनशे वर्षं नुसता उसासे टाकत फिरण्यापरीस साताऱ्याला जाऊन पैसे घे म्हणावं. माझी उचल फिटंल."

पण तिला खरं लागलं ते अंगात येण्याबद्दलचं. अंगात येणं हे ढोंग असतं किंवा मनाची एक अवस्था असते, आणि घरात जिचं कुणी ऐकत नाही अशा बाईच्या अंगात आलं की तिच्यापुढं सासूसुद्धा हात जोडते, ही ती मांडणी. त्यानंतर दोन दिवस तिचा काही मेसेज आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. तिच्या नात्यातल्या एका बाईची आठवण होती. ती इथं लिहीत नाही, ती त्यांच्या घरची आहे. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे आपल्याकडं बाईला बोलायला आधी देवी व्हावं लागतं. आणि त्या गोष्टीत भूत येतं ते बाईचं ऐकायला. दोन्हीकडं माणूस कुठाय?"

मी बावीस वर्षांची आहे, चार वर्षं माध्यमं शिकतेय, आणि हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

या भरात मी एक चूक केली. वाटलं, आता हिला तिच्यावरचंच वास्तव वाचून दाखवू. २०१९मध्ये ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. काम बुडू नये, खाडा पडू नये, पाळीची कटकट नको, दवाखान्यात दाखवलेली भीती, अशी कारणं एकात एक गुंतलेली. मी आकडे वाचले, आवाजात पुरेसं गांभीर्य आणलं.

"हे तू वाच," ती म्हणाली. "मला कशाला वाचून दाखवतीस? मी त्यातलीच आहे. आमच्या टोळीत किती आहेत ते मी तोंडपाठ सांगते. हे लिहिणाऱ्यानं पुण्यामुंबईच्या लोकांसाठी लिहिलंय, त्यांनी वाचावं."

मी गप्प. नंतर बराच वेळ विचार केला. तिचं म्हणणं पूर्ण पटलं असं नाही. ते आकडे मोजले गेले नसते तर विधानभवनात त्यावर कुणी तोंड उघडलं नसतं, आणि तिच्या टोळीतलं तोंडपाठ गणित टोळीतच राहिलं असतं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असंल." पण एक गोष्ट मला तेव्हा कळली. दाभोलकरांचं पुस्तक तिच्याशी बोलत होतं, अहवाल तिच्याबद्दल बोलत होता. म्हणून एक तिनं ट्रॅक्टरमध्ये, इंजिनाच्या आवाजात कान लावून ऐकलं आणि दुसरा ऐकला नाही. वास्तव लिहायला निघालेल्या माझ्यासारखीनं हे लिहून ठेवावं म्हणून लिहिलं.

मग तडजोड म्हणून तिला बिबट्याची खरी गोष्ट सांगितली. दिवसा, दुपारच्या भाकरीच्या वेळेला, म्हणजे नियम मोडला नाही. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या वन विभागानं वाचवला. २००९ सालची गोष्ट. विद्या अत्रेय या संशोधक त्यात होत्या. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडला, आणि तो शेतं, रस्ते, रूळ ओलांडत थेट मुंबईच्या नॅशनल पार्कला चालत गेला. वाटेत कुणालाही काही केलं नाही. त्याला सगळे 'आजोबा' म्हणायचे, त्याच्यावर सिनेमाही आला. तिनं विचारलं, "का गेला एवढ्या लांब?" म्हटलं, त्याचं घर तिकडंच असावं, असा अंदाज आहे. "मग बरोबर आहे," म्हणाली. "आम्ही बी पट्टा पडला की असंच निघतोत."

ती अजूनही भूतलव्ह वाचते. मीही वाचते, शपथेवर सांगते, हा लेख संपवून एक भाग वाचणार आहे. स्थळाचं अजून ठरलेलं नाही. परवा तिनं वडिलांना सांगितलं की मला मुलाशी एकदा बोलायचंय, मुकादमासमोर नाही, एकटीनं. टोळीत जरा चर्चा झाली म्हणे. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बघू.

तिनं माझ्याकडं 'लुचाई' मागितलीय, परीक्षेला शिरूरला येईल तेव्हा. मी कॉलेजच्या लायब्ररीतून काढून ठेवलीय. परत करायची तारीख गेल्या सोमवारी होऊन गेली आणि पट्टा पडायला अजून महिना आहे. ग्रंथपाल काकांना काय सांगायचं, तेवढं सुचवा.